कुत्र्यांच्या भांडणात हात नको

पाळीव कुत्र्याला फिरवताना मोकाट कुत्री अंगावर आली, तर पळू नये. पट्टा आखूड धरून शांतपणे वाट बदलावी. झुंज जुंपलीच, तरी मध्ये हात घालू नये. सोडवणाऱ्यालाच चावा बसतो, कधी स्वतःच्याच कुत्र्याचा.

जखम लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. त्याने लाळेतले बरेच विषाणू निघून जातात. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करावी आणि सर्व डोस पूर्ण करावेत. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. आपल्या कुत्र्यालाही चावा बसला असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

रेबीजची लक्षणे दिसल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. वेळेवरचे उपचार मात्र वाचवतात.