आगोटीआधीचा बॅकअप

घरच्या संगणकातली सगळी माहिती तळहातावर मावेल एवढ्या एका डिस्कवर असते आणि ती डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. हार्ड डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. नव्या एसएसडीत हलणारा भाग नाही, पण ती बिघडते तेव्हा पुष्कळदा आधी कसलीही कुरकूर करत नाही. म्हणून माहितीची दुसरी, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत लागते. तिलाच बॅकअप म्हणतात.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत हे काम अधिक निकडीचे आहे. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि या डोंगराळ पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तारांवर झाड कोसळले की लाइट जाते. ती परत येताना दाब वर-खाली होतो आणि डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. लाइट फार वेळ गेली की मोबाइलची रेंजही जाते. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्याकडे. नाशिकसुद्धा जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटर. ‘सगळे क्लाउडवर टाकले की झाले’ हा शहरी सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. इथे पहिला भरवसा घरातल्या दुसऱ्या डिस्कवरच ठेवावा लागतो.

काय वाचवायचे हे आधी ठरवावे. विंडोज पुन्हा बसवता येते, सातबारा महाभूलेखवरून पुन्हा निघतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या. दोन्ही तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींची वस्ती मोठी आहे. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला फार वजन असते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा कुणीतरी खटपट करून मिळवलेला असतो आणि त्याचा स्कॅन एका फोल्डरमध्ये पडून असतो. वनहक्काच्या दाव्याला जोडलेले नकाशे, जबाब आणि पोचपावत्यांचेही तसेच. मूळ कागद ओलीने किंवा वाळवीने गेला, तर तो कुठल्या कार्यालयाचा आणि कुठल्या तारखेचा होता हे सांगायला स्कॅनच उरतो. विकून गेलेल्या वारली चित्रांचे फोटो आणि बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाचे घरी केलेले चित्रीकरण हेही याच वर्गातले. या सगळ्याला प्रत्येकी वेगळे फोल्डर करून ती फोल्डरे ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘पिक्चर्स’मध्ये ठेवावीत. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि तीन पेन ड्राइव्हांत विखुरलेल्या माहितीचा नीट बॅकअप घेणे अवघड जाते.

प्रतींचा ठोकताळा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग याने रूढ केला: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. जव्हार-मोखाड्यात याचा सोपा अर्थ असा की एक प्रत संगणकात, दुसरी यूएसबी हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी नातेवाइकांच्या कपाटात. जव्हारच्या घराची प्रत खोडाळ्याच्या मामाकडे, मामाची इकडे. डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची तर व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने तिला कुलूप घालावे. मात्र पासवर्ड विसरला तर ते कुलूप कुणालाच उघडत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरात ठेवावा. क्लाउड निवडक कागदांपुरता उत्तम. गूगल १५ जीबी आणि वनड्राइव्ह ५ जीबी जागा फुकट देते, त्यात दाखले आणि उतारे सहज मावतात. फोटो-व्हिडिओंचे गणित वेगळे. १ एमबीपीएस वेगाने ५० जीबी चढवायला साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो, तोही रेंज आणि लाइट एकदाही गेली नाही तर.

विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडून ती सुरू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ आणि डेस्कटॉपवरच्या बदललेल्या फाइली तासातासाने उतरवून घेतल्या जातात. तिचा खरा गुण असा की जुन्या आवृत्त्याही राहतात. अर्जाच्या मसुद्यावर चुकून दुसरेच काही लिहून सेव्ह केले, तरी आदल्या दिवशीचा मसुदा परत मिळतो. फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर दोन फोल्डर शेजारी-शेजारी दाखवून फरक तेवढा उतरवते. पण इथे सावध राहावे. दोन्हीकडे अगदी सारखे ठेवण्याची पद्धत निवडली, तर इकडे खोडलेली फाइल पुढच्या खेपेला तिकडेही खोडली जाते. पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा घ्यायला क्लोनझिला आहे. लिनक्सवर घरगुती फाइलींसाठी देजा-डुप आणि प्रणालीसाठी टाइमशिफ्ट पुरते.

काम झाले की बॅकअपची डिस्क काढून ठेवणे हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरांनी जगभरातले संगणक कुलूपबंद केले. नॉटपेट्यामुळे न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. असे सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर हात टाकते. खणात ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोचत नाही.

मराठी घरांत आणखी एक अडचण येते. जुनी पत्रे, अर्ज आणि गावकीचे हिशेब पुष्कळदा श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. फाइल सुखरूप राहते, पण नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. म्हणून त्या फॉन्टच्या फाइलीही सोबत उतरवाव्यात, मजकुराची पीडीएफ करून ठेवावी आणि जमेल तसा तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा. नव्या लॅपटॉपांत विंडोज पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद करते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून उतरवून कागदपत्रांच्या फाइलीत लावावी; दुरुस्तीनंतर संगणक ती मागू शकतो.

रोजच्या निगेत विजेचा क्रम पहिला. डेस्कटॉपला साधा यूपीएस असला तरी काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला पुरेशी मिनिटे मिळतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’वर आहे का ते पाहावे. दुसऱ्या स्थितीत लाइट गेल्यावर बदल व्हायला लागणारा क्षण संगणकाला सोसत नाही. ढग गडगडू लागले की प्लग आणि राउटरची तार दोन्ही काढावी. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवल्यास आतल्या उबेने ओल धरत नाही. बॅकअपची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. जुन्या सीडी-डीव्हीडींवर या हवेत बुरशी धरते, त्यांतले सगळे डिस्कवर उतरवून घेणे बरे. एसएसडी मात्र वर्षानुवर्षे बंद कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, वीज न मिळाल्यास तिच्यातली माहिती हळूहळू विरू शकते.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगते: निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल म्हणजे वाईट. पिवळा दिसला की त्याच दिवशी बॅकअप घेऊन नवी डिस्क बघावी. जागा मोकळी करायला विंडोजमधले ‘स्टोरेज सेन्स’ पुरेसे आहे. ‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या मागे लागू नये. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या लोकप्रिय सफाई सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता आणि ती लाखो संगणकांवर पोचली. विषाणूंसाठी विंडोजचा डिफेंडर चालू असला आणि अपडेट होत असला तर घरापुरते भागते. पुण्यातल्या क्विक हीलसारखे विकतचे सॉफ्टवेअर घ्यायचे असल्यास एका वेळी एकच ठेवावे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधने फुकट आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे.

इतके करूनही एखादी फाइल गेली आणि ती बॅकअपमध्ये नसली, तर संगणक वापरणे लगेच थांबवावे. खोडलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत हार्ड डिस्कवर असते. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटोरेक किंवा रेकुव्हाने शोध घ्यावा आणि सापडलेले दुसऱ्याच डिस्कवर साठवावे. एसएसडीवर ही आशा कमी असते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर तिला पुन्हा वीज देऊ नये आणि घरी उघडू नये. तशीच गुंडाळून प्रयोगशाळेकडे न्यावी.