घरी बंपर बनवताय? आधी हे वाचा

बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. रात्री रोही किंवा रानडुक्कर गाडीला आडवं आलं, की पुढे जाड लोखंड लावून घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण वजनाचा हिशेब आधी करा. 5 मिमी जाडीची एक चौरस मीटर लोखंडी प्लेट सुमारे 39 किलो भरते, 3 मिमीची साडेतेवीस. हा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि पावसाळ्यात पांदण रस्त्याच्या काळ्या मातीत तीच चाकं आधी रुततात.

लोखंड कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा गाडीला लावून बघा. पुढच्या टायरच्या तळापासून टायरला घासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणा. सुतळी आणि जमीन यांतला कोन म्हणजे अप्रोच अँगल. 2020च्या थारमध्ये तो 41.8 अंश आहे. तो कमी झाला तर नाल्याच्या काठाला बंपरच आधी धडकेल. रेडिएटरची हवा अडवू नका. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर (गाडीपुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर) कारवाई करायला सांगितलं. कारण, कडक लोखंड धक्का शोषत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला चकवू शकतं आणि पायी चालणाऱ्या माणसाला जास्त इजा करतं. म्हणून घरचा बंपर शेतातल्या, खासगी जागेतल्या गाडीलाच लावा. अभयारण्याच्या रस्त्यावर कंपनीचाच बंपर ठेवा आणि वेग कमी ठेवा.