साक्षीस आलेली वचने

सभेत बोलणारा मनुष्य आपले म्हणणे पटवून देण्यासाठी पुष्कळदा थोरांच्या वचनांचा आधार घेतो. प्रतिपक्षही तितकेच वजनदार दुसरे वचन पुढे करतो. अशी देवाणघेवाण ऐकावयास गोड वाटते. पण तिचे खरे प्रयोजन काय? वचन हा भाषणाचा दागिना, की वादातील साक्षीदार? भारताच्या घटना समितीतील भाषणे वाचली म्हणजे या प्रश्नाचा चांगला उलगडा होतो.

या समितीच्या मागणीशी खानदेशाचा निकटचा संबंध आहे. गिरणेकाठचे भडगाव आणि तापीच्या उत्तरेचे फैजपूर ही दोन्ही गावे आज जळगाव जिल्ह्यात मोडतात. त्या काळी हा प्रदेश पूर्व खानदेश म्हणून ओळखला जाई. 1936 सालच्या डिसेंबरात फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. देशाची घटना परक्यांनी लिहून देऊ नये, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीनेच ती करावी, अशी मागणी तेथे झाली. पुढे दहा वर्षांनी घटना समिती दिल्लीस भरली. तिचे सभासद मात्र प्रौढ मताधिकाराने नव्हे, तर प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडले होते.

9 डिसेंबर 1946 रोजी समितीची पहिली बैठक झाली. हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी आपल्या भाषणात अमेरिकन न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्या विचारांचे स्मरण दिले. नागरिकांचा सद्गुण, लोकहिताची तळमळ आणि बुद्धी यांच्या बळावर गणराज्ये उभी राहतात. प्रामाणिक व शहाणी माणसे दूर सारली गेली आणि लोकांची खुशामत करणारे पुढे आले, की ती कोसळतात, असा त्या वचनाचा आशय. मोठी इमारत उभारण्यापूर्वी पायाकडे बोट दाखवावे, तसे हे झाले.

चार दिवसांनी, 13 डिसेंबरला, नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. भारत हे स्वतंत्र व सार्वभौम प्रजासत्ताक व्हावे, हा त्याचा गाभा होता. प्रजासत्ताक म्हणजे ज्या राज्याचा प्रमुख वंशपरंपरेने येत नाही आणि ज्याची सत्ता लोकांपासून उगम पावते, असे राज्य. परंतु त्या वेळी मुस्लिम लीगचे सभासद समितीत आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही यावयाचे होते. म्हणून बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी 16 डिसेंबरला उपसूचना मांडली, की त्यांना येण्यास अवधी द्यावा व तोवर ठराव लांबणीवर टाकावा. एकीकडे स्वातंत्र्याची उत्कंठा आणि दुसरीकडे सर्वांना बरोबर घेण्याची गरज, असा तो पेच होता.

दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलावयास उभे राहिले. त्यांनी ब्रिटिश मुत्सद्दी एडमंड बर्क यांची साक्ष काढली. 1775 साली अमेरिकन वसाहतींविरुद्ध बळ वापरू नये, असे बर्कने आपल्याच देशाच्या पार्लमेंटला बजावले होते. बळाने मिळालेला जय तात्पुरता असतो. जे लोक पुन्हा पुन्हा जिंकावे लागतात, त्यांच्यावर खरे राज्य करता येत नाही, हे त्याच्या सांगण्याचे सार. भारतातील जमातींचा प्रश्नही बळाने सुटणार नाही, असे आंबेडकरांना सांगावयाचे होते. वचन परदेशातले व जुने होते; पण ते नेमक्या प्रश्नाला लागू पडले.

ठरावाची चर्चा जानेवारीवर गेली. 20 जानेवारी 1947 रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी एका प्राचीन बौद्ध ग्रंथातील प्रसंग सांगितला. उत्तरेकडील काही व्यापारी दक्षिणेत आले असता तेथील राजाने त्यांना त्यांच्या राजाविषयी विचारले. तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की काही देश गणांच्या हाती आहेत, तर काही राजांच्या. गणराज्य ही भारताला परकी कल्पना नाही, हे या दाखल्याने सिद्ध झाले. 22 जानेवारीला ठराव संमत झाला.

पुढे जवळजवळ तीन वर्षे घटनेचे काम चालले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. कितीही थोर पुरुष असला, तरी लोकांनी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी अर्पण करू नये, हा तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल यांचा इशारा त्यांनी दिला. राष्ट्राने कृतज्ञ असावे, पण स्वातंत्र्याची किंमत देऊन नव्हे, हे आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचे मत त्यास जोडले. तसेच प्रत्येक पिढी जणू एक निराळे राष्ट्र असून तिला पुढील पिढीस बांधून टाकण्याचा अधिकार नाही, हा अमेरिकेच्या थॉमस जेफर्सन यांचा विचार त्यांनी घटनादुरुस्तीच्या संदर्भात मांडला. दुसऱ्या दिवशी, 26 नोव्हेंबरला, घटना स्वीकारण्यात आली आणि 26 जानेवारी 1950 पासून भारत प्रजासत्ताक झाला.

या वचनांत एक मौज आहे. थोरांपुढे आंधळेपणाने मान तुकवू नका, हे थोरांच्याच शब्दांत सांगितले गेले! राजाची आज्ञा मुकाट्याने पाळावी लागते; प्रजासत्ताकातील वचनाला मात्र साक्षीदाराप्रमाणे प्रश्न विचारता येतात. हे कोणी म्हटले? कोणत्या प्रसंगी म्हटले? आजच्या प्रश्नाला ते लागू पडते काय? या कसोटीला जे उतरत नाही, ते कितीही मोठ्या नावाचे असले तरी बाजूला ठेवावे.

शाळेच्या वक्तृत्वसभेतही हाच नियम आहे. वहीत उतरलेली सुंदर वाक्ये पाठ म्हणून दाखवल्याने श्रोते टाळ्या वाजवतील; पण वाद जिंकतो तो विचार. योग्य जागी आणलेले एक वचन त्या विचाराला बळ देते. घटना समितीच्या सभासदांनी वचने जगभरातून घेतली, परंतु निर्णय मात्र स्वतःच्या विवेकाने केला.