ध्वनिपरिवर्तक, अंकीय : यूएसबी आदान

अंकांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीचे सतत बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर करणारे उपकरण म्हणजे अंकीय ध्वनिपरिवर्तक होय. सतत बदलणाऱ्या अशा संकेताला सदृश संकेत म्हणतात व तो विवर्धकामार्फत ध्वनिक्षेपकाला दिला जातो. इ. स. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. त्यानंतर परिवर्तनाचे कार्य करणाऱ्या चिपा (संकलित मंडले) सुट्या मिळू लागल्या आणि हौशी तंत्रज्ञ असे परिवर्तक घरी जुळवू लागले. या उपकरणांचे रोहित्र, परिवर्तक चिप व सदृश विभाग दीर्घकाळ टिकतात. कालबाह्य होते ते बहुधा त्यांचे आदान. जुन्या परिवर्तकाला संगणकातील उच्च विभेदनाचे ध्वनिमुद्रण स्वीकारता यावे, यासाठी यूएसबी आदान जोडतात. या जोडणीतील मुख्य प्रश्न कालनियंत्रणाचा आहे.

अंक आणि काल : अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनितरंगाचे ठरावीक कालांतराने मापन करून प्रत्येक नमुना द्विमान अंकांत (बिटांत) नोंदवितात. कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. उच्च विभेदनाच्या मुद्रणात नमुना २४ बिटांचा आणि नमुनादर सामान्यतः ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झ असतो. मूळ तरंग पुन्हा मिळविण्यासाठी प्रत्येक अंक बिनचूक पोहोचला पाहिजे व त्याचे परिवर्तन योग्य क्षणी झाले पाहिजे. क्षण चुकल्यास अचूक अंकही तरंगावर चुकीच्या जागी पडतो. या कालविषयक अस्थिरतेस जिटर म्हणतात. २० किलोहर्ट्‌झ कंप्रतेच्या (सेकंदातील कंपनसंख्येच्या) पूर्ण परमप्रसराच्या तरंगात १६ बिटांपैकी अखेरच्या बिटाच्या अर्ध्या मूल्याइतकी चूक होण्यास सु. १२१ पिकोसेकंदांचे विचलन पुरते (१ पिकोसेकंद = सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग). ही गणिती मर्यादा होय. कानाला जाणवणारे विचलन याहून पुष्कळच मोठे असते.

जुने आदान : घरगुती परिवर्तकांत प्रायः सोनी व फिलिप्स या कंपन्यांच्या नावांवरून ओळखले जाणारे एस-पीडिफ आदान असे. यात ध्वनीचे अंक व कालस्पंद एकाच तारेतून येतात आणि ग्राहक चिपेला येणाऱ्या संकेतातून घड्याळ (ठरावीक कंप्रतेच्या स्पंदांची मालिका) पुन्हा तयार करावे लागते. म्हणजेच परिवर्तन केव्हा करावयाचे, हे पाठविणारे उपकरण ठरविते. शिवाय अनेक जुन्या ग्राहक चिपांची मर्यादा ४८ किलोहर्ट्‌झच्या आसपास होती.

यूएसबी वहनाचे प्रकार : यूएसबीची पहिली विनिर्देशिका इ. स. १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सेकंदाला १२ मेगॅबिट गतीच्या प्रकारात संगणक दर मिलिसेकंदाला नमुन्यांचे एक पॅकेट पाठवितो. ४४.१ किलोहर्ट्‌झ दराला नऊ पॅकेटांत ४४ व दहाव्यात ४५ नमुने येतात. ध्वनीसाठीच्या या वहनात चुकलेले पॅकेट पुन्हा पाठविले जात नाही. अनुकूली पद्धतीत परिवर्तक आपले घड्याळ संगणकाकडून येणाऱ्या प्रवाहाशी सतत जुळवून घेतो. असमकालिक पद्धतीत परिवर्तकाचे घड्याळ स्थिर असते. येणारे नमुने आधी तात्पुरत्या साठ्यात जमा होतात आणि पुढील कालखंडात किती नमुने हवेत, हे ग्राहक संगणकाला कळवीत राहतो. टाकीतील तरंगता गोळा पाण्याची आवक नियंत्रित करतो, तसेच हे कार्य होय. अशा रीतीने घड्याळाचे स्वामित्व संगणकाकडून परिवर्तकाकडे येते. म्हणून उच्च विभेदनाच्या आदानासाठी असमकालिक पद्धती पसंत करतात.

१२ मेगॅबिट गतीला एका मिलिसेकंदाच्या पॅकेटात कमाल १,०२३ बाइट (बाइट म्हणजे ८ बिटांचा गट) मावतात. दोन वाहिन्यांच्या २४ बिटी ध्वनीला ९६ किलोहर्ट्‌झ दराने ५७६ बाइट पुरतात; १९२ किलोहर्ट्‌झला मात्र १,१५२ बाइट लागतात. त्यामुळे या दरासाठी इ. स. २००० मधील यूएसबी २.० ची ४८० मेगॅबिट गती आवश्यक ठरते. तिच्यात कालखंड १२५ मायक्रोसेकंदांचा असतो. या गतीला अनुरूप अशी ध्वनिविषयक दुसरी विनिर्देशिका इ. स. २००६ मध्ये आली. विंडोज प्रणालीत तिचा अंगभूत स्वीकार इ. स. २०१७ मध्ये झाला. त्यापूर्वी वेगळा चालक कार्यक्रम बसवावा लागे.

प्रत्यक्ष जोडणी : यूएसबी ग्राहकाचा तयार मुद्रित मंडलफलक मिळतो. त्याचे प्रदान फिलिप्स कंपनीने इ. स. १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आय-स्क्वेअर-एस या पद्धतीचे असते. तीत बिट-घड्याळ, डावी-उजवी वाहिनी दर्शविणारा संकेत व ध्वनीचे अंक अशा तीन तारा असतात. मुख्य घड्याळाची चौथी तार बहुधा सोबत देतात. या तारा जुन्या ग्राहक चिपेच्या प्रदानाला थेट जोडू नयेत. दोन प्रदाने एकमेकांस जोडल्यास चिपा निकामी होऊ शकतात. त्याऐवजी दोहोंपैकी एकच संकेत पुढे सोडणारे निवडमंडल वापरावे. तारा शक्य तितक्या आखूड ठेवून प्रत्येकीसोबत भूतार न्यावी. ३.३ व ५ व्होल्ट दाबांवर चालणारी मंडले जोडताना दाबाची पातळी जुळवून घ्यावी.

मुख्य घड्याळासाठी २२.५७९२ व २४.५७६ मेगॅहर्ट्‌झचे दोन स्फटिक आंदोलक लागतात. त्यांच्या कंप्रता अनुक्रमे ४४.१ व ४८ किलोहर्ट्‌झच्या ५१२ पट आहेत. हे आंदोलक परिवर्तक चिपेच्या निकट ठेवून तेथून घड्याळ ग्राहक फलकाकडे नेणे श्रेयस्कर. संगणकातील विद्युत् गोंगाट परिवर्तकात शिरू नये म्हणून मध्ये अंकीय विलगक बसवितात. विलगकाने स्वतः जिटरची भर घातल्यास त्यानंतर फ्लिप-फ्लॉप मंडलाने संकेत पुन्हा घड्याळाशी जुळवितात. विलगकाच्या दोन्ही बाजूंचे विद्युत् पुरवठे व भूतारा वेगळ्या असाव्यात. धातूच्या पेटीमार्फत त्या नकळत जोडल्या गेल्यास विलगक निरुपयोगी होतो. पेटी संरक्षक भूसंपर्काला जोडलेली असावी आणि रोहित्राच्या मुख्य विजेच्या बाजूला हात लावण्यापूर्वी वीजजोडणी काढावी.

जुन्या चिपेच्या मर्यादा आधी तपासणे आवश्यक असते. उदा., फिलिप्सच्या टीडीए १५४१ए चिपेची बिट-घड्याळाची मर्यादा ६.४ मेगॅहर्ट्‌झ आहे. ग्राहक फलक प्रत्येक नमुनाकाळात ६४ स्पंद देत असल्यास ९६ किलोहर्ट्‌झला ६.१४४ मेगॅहर्ट्‌झ होतात व ते मर्यादेत बसतात. १९२ किलोहर्ट्‌झला १२.२८८ मेगॅहर्ट्‌झ होत असल्याने ही जोडणी चालणार नाही. तसेच ही चिप १६ बिटांचीच असल्यामुळे २४ बिटी नमुन्यातील उरलेले ८ बिट ती सोडून देते. नवे आदान बसविल्याने चिपेचे विभेदन वाढत नाही. आय-स्क्वेअर-एस पद्धतीत अंकांचा आरंभ वाहिनी बदलल्यानंतर एक स्पंद उशिरा होतो. इतर पद्धतीच्या चिपेला तो तसाच दिल्यास तीव्र विकृती उद्भवते. म्हणून पहिली चाचणी आवाज अगदी कमी ठेवून घ्यावी.

उपयुक्तता : सिद्धांततः १६ बिटांनी सु. ९८ व २४ बिटांनी सु. १४६ डेसिबेलचा पल्ला मिळतो. पण मंडलातील औष्णिक गोंगाटामुळे २४ बिटांचा पूर्ण लाभ कोणत्याही प्रत्यक्ष परिवर्तकात मिळत नाही. उच्च विभेदन कानाला ओळखता येते काय, याविषयी प्रयोग झाले आहेत. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५५४ चाचण्यांत श्रोत्यांची बरोबर उत्तरे ४९.८ टक्के, म्हणजे केवळ अंदाजाने मिळावीत इतकीच होती. जोशुआ राइस यांनी इ. स. २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात हे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य असला, तरी लहान आहे.

यावरून केवळ मोठ्या आकड्यांसाठी असे आदान जोडणे फारसे फलदायी नाही, हे दिसून येते. चिपेच्या मर्यादेत बसणारे मुद्रण त्याच्या मूळ नमुनादराने ऐकता येणे, परिवर्तनाचा क्षण स्थानिक स्फटिकाने ठरणे व संगणकाचा गोंगाट दूर राहणे, हे त्याचे खरे लाभ होत. त्यामुळे चांगल्या स्थितीतील जुना परिवर्तक टाकून न देता अल्प खर्चात पुन्हा उपयोगात आणता येतो.