पिकअपला टायर कोणता? आधी हिशोब, मग खरेदी

समजा, तुमची पिकअप पावसाळ्यात शेतातून टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाते. पहिला किलोमीटर काळ्या मातीचा चिखल, पुढे सगळं डांबरी. मग टायर कोणता घ्यायचा?

दुकानदाराला विचारायच्या आधी स्वतःला विचारा: महिन्यात गाडी किती वेळा रुतते?

सरळ खाचांचा रिब टायर डांबरावर जास्त टिकतो. पण खाचांत काळी माती भरली की तो जागेवरच फिरतो. लग टायरच्या आडव्या, खोल खाचा चिखलात पकड घेतात, पण डांबरावर लवकर झिजतात.

आता हिशोब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. रिब 7,000 रुपयांचा, चालला 50,000 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 14 पैसे. लग 9,000 चा, चालला 30,000, म्हणजे 30 पैसे. फरक 16 पैशांचा.

बहुतेक पिकअपला ओढ मागच्या चाकांची असते. म्हणून लग फक्त मागे दोन, पुढे रिब. महिन्याला 2,000 किलोमीटर धरले तर जादा खर्च 640 रुपये. ट्रॅक्टरने ओढून काढायला एका वेळी 500 गेले, तर दोनदा रुतण्यातच लग परवडला. लिलाव हुकून भाव पडला, ते नुकसान वेगळंच! गाडी रुततच नसेल, तर चारही रिब घ्या.

घेताना तीन गोष्टी बघा. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत. लोड इंडेक्स गाडीच्या कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको. आणि बाजूवरचा चार आकड्यांचा तारखेचा शिक्का वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा.

टायर स्वस्त की महाग, हे बिलावर नाही, किलोमीटरवर ठरतं. आजच वही काढा!