आपत्तीनंतर मनाला बसणारा धक्का

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने वऱ्हाडाच्या सीमेवरील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले. २०४ जणांचा बळी गेला. पडलेल्या घरांचा पंचनामा होतो. वाचलेल्यांच्या मनाचा होत नाही.

अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी काहींना पावसाची सर येताच छातीत धडधडू लागते. तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडतो, झोप उडते, नदीकडे पाऊल वळत नाही. ‘ते गेले, मग मी का वाचलो?’ हा प्रश्न आतून पोखरत राहतो. पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविकच आहे. मात्र ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली व कामधंदा, संसार विस्कळीत झाला, तर तो आघातोत्तर तणावाचा आजार असू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांना तपासताना मानसोपचारतज्ज्ञांना प्रामुख्याने हाच आजार व नैराश्य आढळले होते.

बंधुभगिनींनो, श्रद्धा उणी पडली म्हणून हा आजार होत नाही. ‘प्रार्थना कर आणि विसरून जा’ असे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा त्यामुळे अधिकच गप्प होतो. खोदून खोदून विचारणेही तितकेच अयोग्य. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा शांतपणे ऐकावे. जेवण, झोप, शेतीची कामे पूर्ववत होण्यास हातभार लावावा. त्रास टिकून राहिल्यास समुपदेशन व औषधोपचार यांनी पुष्कळांना बरे वाटते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.