पाने गळालेली पोथी : ‘डॉक्टर हू’ उशिरा पाहताना

आपल्याकडे पोथी कुणी मधूनच उघडत नाही. पारायण करायचे तर पहिल्या अध्यायापासून, आणि मध्ये खंड पडू न देता. ग्रंथांच्या बाबतीत लागलेली ही सवय मी आयुष्यभर कादंबऱ्यांनाही लावली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती मोडली. पुतणी सुट्टीला आली होती. रात्री जेवणे झाल्यावर तिने एका ब्रिटिश मालिकेचा एक भाग लावला आणि म्हणाली, “काका, एवढा बघाच.”

तो भाग होता २०१८ साली प्रक्षेपित झालेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. लेखक विनय पटेल. यास्मिन नावाची ब्रिटिश तरुणी आपल्या आजीचे तरुणपण पाहण्यासाठी काळात मागे जाते आणि पोहोचते ती ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात, फाळणीच्या रेषेवर. मुसलमान घरातल्या आजीचे तिथे एका हिंदू तरुणाशी लग्न ठरलेले असते. परग्रहावरचे दोन जीव त्या परिसरात फिरत असतात आणि सगळ्यांचा संशय त्यांच्यावर असतो. शेवटी कळते, की ते मारेकरी नाहीत. जे एकटे मरतात, ज्यांच्या मरणाला कुणी साक्षीदार नसतो, त्यांच्याजवळ उभे राहण्यासाठी ते आलेले आहेत. माणसाला मारायला घरचेच माणूस पुरते.

मुलांसाठी सुरू झालेल्या विज्ञानकथेत हे पाहून मी चकित झालो आणि माझ्या जुन्या सवयीने डोके वर काढले. पुतणीला म्हटले, “आता पहिल्या भागापासून पाहतो.” ती हसली. का हसली, ते पुढची चार वर्षे शोध घेतल्यावर समजले. ही मालिका पहिल्यापासून सलग पाहणे आज कुणालाच शक्य नाही. ज्या बीबीसीने ती घडवली, तिलाही नाही.

निळी पेटी आणि तीन उपरे

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. साहजिकच साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते; म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. म्हणजे उशिरा आलेल्या प्रेक्षकाची सोय या मालिकेने दुसऱ्याच आठवड्यात केली होती!

कथेचा सांगाडा साधा आहे. डॉक्टर नावाचा एक प्रवासी. त्याचे खरे नाव ठाऊक नाही, म्हणून ‘डॉक्टर कोण?’ हा प्रश्नच मालिकेचे शीर्षक झाला. त्याचे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलिस-पेटीसारखे दिसते, आत मात्र प्रचंड मोठे आहे. ते अवकाशात जाते तसेच काळातही जाते. सुरुवातीला त्याच्याबरोबर त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक होते. एक विज्ञान शिकवणारा, दुसरी इतिहास शिकवणारी. ही जोडी मुद्दाम योजलेली होती. भविष्यात गेले की विज्ञान, भूतकाळात गेले की इतिहास, असा शिकवण्याचा बेत त्यामागे होता.

बीबीसीच्या त्या वेळच्या चाकोरीत न बसणारी तीन माणसे या मालिकेच्या मुळाशी होती. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट अवघ्या सत्तावीस वर्षांची, आणि त्या विभागात निर्मातीच्या खुर्चीत बाई बसणे ही तेव्हा नवलाची गोष्ट. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन चोवीस वर्षांचे, जन्म लखनौचा, शिक्षण केंब्रिजचे. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही लखनौची कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन या त्यांच्या आई. पहिला भाग न्यूमन यांना पसंत पडला नाही. त्यांनी तो पुन्हा चित्रित करायला लावला. दुसऱ्या प्रयत्नात जे जमले ते आजवर टिकले.

विज्ञानकथा बीबीसीला अगदी नवी नव्हती. १९६१ मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका येऊन गेली होती. तिच्या लेखकांपैकी एक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. याच सुमारास केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करत होते जयंत नारळीकर. मराठी विज्ञानकथेला पुढे ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांचे गुरू फावल्या वेळात दूरचित्रवाणीसाठी विज्ञानकथा रचत होते. ‘अँड्रोमेडा’चेही बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत, हे मात्र मला पुढे कळायचे होते.

कायापालट

डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती तीन वर्षांत ढासळत गेली. लोकप्रिय मालिका बंद करायची, की नायक बदलायचा? लेखकांनी तिसरा मार्ग काढला. डॉक्टर मुळात माणूस नाहीच. मग त्याचे शरीर जीर्ण झाले, की तो नव्या शरीरात उगवेल. ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेच्या अखेरीस हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा उमटला. हा परकायाप्रवेश नव्हे. शरीर दुसऱ्याचे घेतलेले नाही. स्मृती तीच, पण स्वभाव, चाल, बोलण्याची ढब नवी. मालिका १९८९ पर्यंत सलग चालली, १९९६ मध्ये एक चित्रपट आला आणि २००५ पासून ती पुन्हा सुरू झाली. एवढे आयुष्य तिला मिळाले ते या अडचणीतून निघालेल्या तोडग्यामुळे.

उशिरा येणाऱ्यासाठी या तोडग्याचा अर्थ मोठा आहे. डॉक्टर बदलला की त्याचे सोबती त्याला नव्याने ओळखू लागतात, प्रेक्षकही. जुन्या जाणकाराला आणि कालच्या नवख्याला त्या दिवशी एकाच रांगेत बसावे लागते.

मालिकेला साठ वर्षे टिकवणाऱ्या त्या क्षणाची चित्रफीत आज आहे, पण तो ज्या भागात घडतो तो भाग नाही. १९७३ साली ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात त्यातला एवढाच तुकडा दाखवला होता. तो कार्यक्रम जपला गेला म्हणून तुकडा वाचला. बाकीचा भाग गेला.

पुसलेल्या फिती

कुठे गेला? बीबीसीनेच नष्ट केला. हे वाचून प्रथम मला संताप आला. मग कारणे पाहिली.

त्या काळी चित्रीकरण दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होई. फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांच्या संघटनेशी असलेल्या करारांमुळे कार्यक्रम वारंवार दाखवता येत नव्हता. घरी पाहायच्या कॅसेटची बाजारपेठ अजून जन्मायची होती. परदेशांना विकण्यासाठी फितीवरून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. विक्रीचे हक्क संपले, की त्याही निकामी ठरत. त्यात रंगीत प्रक्षेपण आले आणि कृष्णधवल कार्यक्रमांना कुणी विचारीना. फितींचा विभाग समजे, की प्रत फिल्मवाल्यांकडे असेल; फिल्मवाले समजत, की मूळ फितवाल्यांकडे असेल. १९६७ ते १९७८ या काळात हे पुसणे आणि जाळणे चालले. यात कुणी खलनायक नव्हता. जागा मोकळी करणारे कारकून होते.

यावर मी फार चढ्या आवाजात बोलू शकत नाही. आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते म्हणून कॉलेजात असताना मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. आजी तेव्हा समोर बसलेली होती. ओव्या पुन्हा केव्हाही म्हणवून घेता येतील, असे वाटले होते.

मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांतले शंभरावर भाग नाहीसे झाले.

कोणी काय राखले

इथून पुढची हकिगत मला मालिकेइतकीच रंजक वाटते. नाहीशा झालेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. तो बीबीसीने राखलेला नाही. घरोघरच्या शाळकरी पोरांनी दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रक ठेवून तो उतरवला होता. गाथा इंद्रायणीत बुडाली तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, असे आपली परंपरा सांगते. इथे लोकांच्या माळ्यावरच्या फितींनी तेच काम केले.

चित्रे राखली जॉन क्युरा यांनी. या गृहस्थांचा व्यवसाय विलक्षण होता. चालू कार्यक्रमाचे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच, ते एकामागून एक फोटो काढत आणि नटांना व दिग्दर्शकांना विकत. आपले काम पुन्हा पाहण्याचा त्या मंडळींकडे दुसरा उपाय नव्हता. एका भागाचे साठ-सत्तर फोटो निघत. आज अनेक भागांचे दृश्यरूप म्हणून तेवढेच उरले आहे.

काही तुकडे सेन्सॉरने राखले, हा तर काव्यगत न्याय! ऑस्ट्रेलियात मुलांना भीती वाटेल म्हणून कापलेली दृश्ये सरकारी दप्तरात जपून ठेवली होती. ती १९९६ मध्ये सापडली. भाग गेले, आणि त्यांतले दाखवण्याजोगे नाही म्हणून वगळलेले तेवढेच शिल्लक राहिले.

पूर्ण भागही अधूनमधून हाती लागले. १९८३ मध्ये लंडनच्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात दोन सापडले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची अख्खी कथा परत आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहराच्या प्रक्षेपण केंद्रातून नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले आणि हरवलेल्या भागांची संख्या ९७ वर आली. ज्या देशांना साम्राज्याने एकेकाळी आपल्या मालाची बाजारपेठ मानले, त्यांच्या कोठारांतून ब्रिटनला स्वतःचे बालपण परत मिळवावे लागते आहे.

श्रेयही उशिराच मिळाले. मालिकेचे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचे. पण सिंथेसायझर हाती नसताना एकेक स्वर फितीवर घेऊन, पात्याने कापून, जोडून ते प्रत्यक्षात आणले डेलिया डर्बिशर यांनी. ग्रेनर यांची इच्छा असूनही नियमांमुळे त्यांचे नाव पडद्यावर आले नाही. त्या २००१ मध्ये वारल्या. नाव झळकले ते २०१३ च्या सुवर्णमहोत्सवी भागात.

मार्को पोलो ऐकताना

२०२३ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा बीबीसीने ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी आठशेहून अधिक भाग आपल्या संकेतस्थळावर खुले केले. त्यांत पहिलीच कथा नव्हती. ती नष्ट झालेली नाही. पण पटकथालेखकाच्या वारसांशी हक्कांबाबत जुळले नाही. हे वाचले आणि पहिल्या अध्यायाचा हट्ट मी सोडला. ज्यांनी १९६३ मध्ये पहिला भाग पाहिला, तेही पुढे एखाद्या शनिवारी खेळायला गेले असतील, एखाद्या संध्याकाळी घरची वीज गेली असेल. हुकलेला भाग त्यांना परत दिसला नाही. पूर्ण ‘डॉक्टर हू’ कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. मग उशीर कुणाला झाला म्हणायचे?

कुठून सुरू करावे, असे कुणी मला विचारले तर मी ‘टूम ऑफ द सायबरमेन’ सांगतो, किंवा २००५ चा ‘रोझ’ हा भाग. पण स्वतः मला सर्वांत जवळची वाटते ती न पाहिलेली कथा. वारिस हुसेन यांनी १९६४ मध्ये सातांपैकी सहा भाग दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’. तीत राक्षस नाहीत, परग्रह नाहीत. पामीर, गोबीचे वाळवंट, आणि शेवटी कुबलाई खानाचा दरबार. म्हातारा डॉक्टर आणि म्हातारा सम्राट बॅकगॅमनचा डाव मांडतात आणि डॉक्टर आपले यानच डावावर लावून हरतो. चिनी पात्रे गोऱ्या नटांनी रंगवली होती, हे आज खटकते. कथा अनेक देशांत विकली गेली होती. तरी तिच्या सात भागांतला एकही उरलेला नाही.

आवाज आहे. आणि क्युरा यांचे फोटो आहेत, ते वारिस हुसेन यांनी स्वतःजवळ ठेवल्यामुळे. त्यांनी आपल्याच भागांचे फोटो घेतले होते. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाचा, त्याचे फोटो नाहीत.

मी ही कथा रात्री, दिवे मालवून, फोटो समोर ठेवून ऐकतो. मार्को पोलोच्या रोजनिशीचे निवेदन मधून मधून येते, त्यामुळे वाट चुकत नाही. चौथ्या भागाला फोटो संपतात. तेव्हा मी डोळे मिटून घेतो. वाळवंटानंतरचा मुक्काम, उंट, माणसे, जसे जमेल तसे स्वतः उभे करतो. पाचव्या भागाला पुन्हा डोळे उघडतो.